ट्रॅप्रेन लॉवरचा वारा आणि आपलं नगरधन

एडिनबराच्या पूर्वेला, ईस्ट लोदियनमध्ये ट्रॅप्रेन लॉ नावाची टेकडी आहे. उंची २२१ मीटर, पण भोवती सगळी शेतंच त्यामुळे लांबूनच नजरेत भरते. रविवारी गेलो. चढ तसा थोडाच, पण वारा म्हणजे राजेहो काय सांगू, कानटोपी धरून चालावं लागत होतं अन् शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडून! वर एक्समूर जातीचे बुटके घोडे वाऱ्याकडे पाठ करून चरत होते, आणि उत्तरेला समुद्रात बास रॉक, गॅनेट पक्ष्यांनी पांढराशुभ्र झालेला.

वर काय आहे म्हणाल तर गवताखाली दबलेली तटबंदी, दगडमातीचे उंचवटे, बस. एक बाजू तर खाणीनं खाल्लीय, बघून जीव हळहळतो. पण हे वोटादिनी नावाच्या इथल्या प्राचीन जमातीचं मोठं ठाणं होतं, आणि १९१९ मध्ये इथे खोदताना २३ किलोच्या आसपास रोमन चांदी निघाली. ताटं, वाट्या, सुरया, बहुतेक सगळं तोडून, दुमडून चपटं केलेलं, कारण तेव्हा नक्षीला नाही, वजनाला किंमत होती. एडिनबराच्या म्युझियममध्ये ते तुकडे ठेवलेत, मी काचेसमोरून हलतच नव्हतो.

ही चांदी पुरली गेली पाचव्या शतकात, म्हणजे रोमन सैन्य ब्रिटनमधून गेल्यावर. आणि मला वर उभं राहून एकच सुचत होतं की साधारण त्याच शतकात आपल्या रामटेकजवळ नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, वाकाटकांची राजधानी होती! गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्याची मुलगी प्रभावतीगुप्ता, नवरा म्हणजे वाकाटक राजा गेल्यावर लहान मुलांच्या वतीनं तिनं राज्य चालवलं, स्वतःच्या नावानं ताम्रपट दिले. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, त्यावर शंख आहे. एवढी मोठी बाई आपल्या घरापासून तासाभरावर राहून गेली अन् शाळेत आम्हाला तिचं नावही कोणी सांगितलं नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

घरी येऊन बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, आपण नगरधनला गेलो होतो नं, तू तेव्हा लहान होता, किल्ला पाहून आलो." पण तो किल्ला भोसल्यांच्या काळातला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

दिवाळीत नागपूरला येतोय तेव्हा बाबांना घेऊन आधी नगरधन, मग रामटेकला केवल नरसिंहाच्या मंदिरातला वाकाटकांचा शिलालेख बघायचाय. तुमच्यापैकी कोणी नीट पाहून आलं असेल तर सांगा, सकाळी लवकर गेलेलं बरं की दुपारनंतर?