उजव्या हाताची तक्रार

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा

संध्याकाळी मुलगा स्वयंपाकघरात तणतणत आला. "बाबा, तिने मला मारलं!" मी सवयीने "असू दे रे, लहान आहे" म्हणणार, तेवढ्यात बायको ओट्यापासून वळली. हाताला कणीक तशीच. "कुठल्या हाताने?"

तो गोंधळला. गालावर हात ठेवून आठवत राहिला आणि मग त्याने स्वतःचा उजवा हात वर केला. "या."

रंगपेटी लेकीने डाव्या हातात घट्ट धरली होती. दादा ती ओढायला गेला, म्हणून मोकळा असलेला उजवा हात चालला. आम्ही सांगितलं नव्हतं, समोर थेरपिस्ट नव्हत्या, खाऊचं आमिष नव्हतं. पाच महिन्यांत तो हात आपणहून काही करायला गेला तो आज. बायको तशीच खाली बसली आणि रडली. मुलाला वाटलं, आता तिला ओरडा बसणार.

ऑगस्टमधल्या त्या सकाळबद्दल मी इथे कधी लिहिलं नाही. पाऊस लागला होता. लेकीच्या हातून दुधाचा पेला सांडला आणि मी रागावलो, "नीट धर ना!" पुन्हा भरून दिला, तोही सांडला. तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघितलं. उजवा कोपरा खाली ओघळला होता. काही सांगायला गेली, तर नुसता आवाज निघाला. जवळच्या दवाखान्यात सांगितलं, हात अंगाखाली दाबून झोपली असेल, संध्याकाळपर्यंत वाट बघा. आम्ही दुपारपर्यंत बघितली. मग पाय ओढायला लागली, तेव्हा रिक्षा केली आणि मोठ्या हॉस्पिटलकडे निघालो. तीन हात नाक्याला सिग्नलवर अडकलो होतो, ते अजून स्वप्नात येतं. त्या डॉक्टरांवरचा राग गेलेला नाही. पण "नीट धर ना" हे त्यांनी म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं.

झोपेचं औषध देऊन एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. डावा मेंदू म्हणजे अंगाची उजवी बाजू, आणि बहुतेकांची भाषाही. मी आईला अर्धांगवायू हा शब्द सांगितला, तर ती कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, मला व्हायचा तो पोरीला कसा झाला?"

डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, गेल्या वर्षभरात कांजिण्या झाल्या होत्या का? एप्रिलमध्ये झाल्या होत्या, दोघांनाही. त्यांनी कागदावर धमनी काढून दाखवली. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो. फार क्वचित तो तिथून मेंदूच्या धमनीपर्यंत जातो. धमनीची भिंत सुजते, वाट अरुंद होते, गुठळी अडकते. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, बालरोगतज्ज्ञांकडे वेगळी घ्यावी लागते. आमची पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणत राहून गेली होती.

आता रोज ॲस्पिरिनचा छोटा डोस, चमचाभर पाण्यात विरघळवून. ताप आला तर आधी डॉक्टरांना फोन, कारण फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात लहान मुलांना ॲस्पिरिन धोक्याचं असतं. म्हणून फ्लूची लस घरात सगळ्यांनीच घेतली.

बोलणं हळूहळू आलं. पहिला शब्द आला "नको". फिजिओथेरपीला जाताना ती तो दहादा म्हणायची आणि आम्हाला दहाही वेळा ऐकायचा असायचा. पायात स्प्लिंट असल्यामुळे उजवा बूट एक नंबर मोठा लागतो. गोखले रोडवर दुकानदार जोड फोडून देईनात, शेवटी दोन जोड घेतले. उरलेले दोन बूट खोक्यात आहेत, टाकवत नाहीत.

सगळ्यात अवघड आहेत ते दोन तास. चांगला डावा हात पिशवीत बांधून ठेवायचा, म्हणजे उजव्याला काम करावंच लागतं. पिशवी आईने स्वतःच्या जुन्या लुगड्याची शिवली, मऊ लागावी म्हणून. आणि तीच पिशवी घातल्यावर नातीला चोरून भरवायलाही लागली. मला कळलं तेव्हा मी खूप बोललो. ती एवढंच म्हणाली, "तिचा हात बांधलाय रे, माझे कसे बांधू?" दुसऱ्या दिवसापासून ती त्या दोन तासांत खाली देवळात जाऊन बसते. मला तसं उठून जाता येत नाही. ताटातून पोळीचा एक तुकडा उचलून तोंडापर्यंत न्यायला लेकीला सात मिनिटं लागली, तेव्हा मी समोर बसून होतो. तीनदा पडला. मी मांडीखाली हात दाबून बसलो होतो. पुढच्या महिन्यापासून दोन्ही हातांची कामं सुरू होतील, मटार सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं. तेव्हा पिशवी सुटेल.

मुलाबद्दल मात्र आमची चूक झाली. कांजिण्या आधी त्याला झाल्या, त्याच्या अंगावरून तिला आल्या, हे आम्ही त्याच्यासमोर किती सहज बोललो. ऑगस्टपासून तो तिच्याशी भांडलाच नव्हता. मागेल ते देऊन टाकायचा आणि दूर जाऊन बसायचा. आम्ही म्हणायचो, किती शहाणा झाला. नऊ वर्षांचं पोर ते. आज तिच्या हातातली पेटी त्याने ओढली, ती इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

रात्री अंथरुणं घालताना त्याने विचारलं, "बाबा, माझ्यामुळे झालं ना तिला?"

मी त्याला जवळ घेऊन नाही म्हणालो. मग पुन्हा, सावकाश, धमनीचं ते चित्र काढून दाखवलं. त्याला कितपत पटलं, ठाऊक नाही. चित्र त्याने घडी करून दप्तरात ठेवलं.

झोपण्याआधी त्याने बहिणीची रंगपेटी गुपचूप उचलली आणि आपल्या उशाखाली सरकवली. सकाळी उठल्याबरोबर ती शोधत येणार, हे त्याला पक्कं माहीत आहे.