वेट रेकलेस मिळालं म्हणजे सुटलो?

अमेरिकेत आपल्या लोकांपैकी कुणाला डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याची केस) झाली की व्हॉट्सॲपवर पहिला सल्ला हाच येतो, अरे चांगला वकील कर, तो वेट रेकलेसवर आणून देतो. आणतोही कधीकधी, पण कसं आणतो आणि त्यातून नक्की काय सुटतं हे कुणी सांगत नाही, मला कळलं ते एका मित्राच्या केसमध्ये त्याच्याबरोबर फिरले म्हणून. कॅलिफोर्नियाचंच सांगतेय हां, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा.

वेट रेकलेस म्हणजे बेदरकार गाडी चालवली अशी कबुली, आणि सोबत दारू घेतली होती अशी नोंद. हा चार्ज तडजोडीतूनच येतो, म्हणजे सरकारी वकिलाला स्वतःची केस लंगडी वाटली पाहिजे. माणूस सज्जन आहे, नोकरी जाईल, असल्या गोष्टींनी तो फारसा विरघळत नाही. आपला वकील शोधतो काय, तर गाडी थांबवायला कारण होतं का, ब्रेथ टेस्टच्या आधी १५ मिनिटं पोलिसाने सलग लक्ष ठेवलं होतं का (मध्ये ढेकर आली किंवा उलटी झाली तर रीडिंगवर शंका घेता येते), मशीन दर १० दिवसांनी किंवा १५० टेस्टनंतर, जे आधी येईल तेव्हा, तपासलं होतं का. आणि मुख्य म्हणजे आकडा, रक्तात अल्कोहोल किती टक्के त्याचा. मर्यादा ०.०८, तुमचा ०.०९ आला असेल तर बोलायला जागा आहे. ०.१६ आला आणि शिवाय कुणाची गाडी ठोकलीय, तर आशा जवळजवळ सोडाच, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

फायदा आहेच, जेलची कमाल मुदत ६ महिन्यांवरून ९० दिवसांवर येते, दंडही सहसा कमी. पण १० वर्षांत परत पकडले गेलात तर हीच केस पहिली डीयूआय म्हणून मोजतात.

शिवाय लायसनचं प्रकरण कोर्टात नसतंच, ते डीएमव्हीकडे, म्हणजे तिथल्या आरटीओकडे! अटक झाल्यापासून १० दिवसांत सुनावणी मागावी लागते, नाहीतर पहिल्या वेळेला ४ महिने लायसन सस्पेंड. लोक कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसतात आणि हे राहूनच जातं.

एच-वन वाल्यांनो, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनो, तुमचं अजून वेगळं. नुसत्या अटकेवरून व्हिसा रद्द होऊ शकतो, चार्ज पुढे कमी झाला तरी. लगेच देश सोडावा लागतो असं सहसा नाही, पण बाहेर गेलात की परत स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेणं आलं, त्यात डॉक्टरकडे तपासणीला पाठवू शकतात, आणि फॉर्मवर अटक झाली होती का असा सरळ प्रश्न असतो, तिथे ‘नाही’ असं खोटं लिहायचं नाही. मित्राच्या वकिलाला व्हिसाचं विचारलं तर म्हणाला, ते माझं काम नाही. तेव्हा प्लीवर, म्हणजे तडजोडीतल्या कबुलीवर, सही करायच्या आधी कागद इमिग्रेशनवाल्या वकिलाला दाखवा. त्याची फी वेगळी, अर्थात.