सव्वा तास

गेली बरीच वर्षे मी कोर्टाच्या कागदपत्रांचे मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. जबाब, पंचनामे, पत्रे, डायरीची पाने असे जे काही सत्र न्यायालयात मराठीत नोंदले गेलेले असते, ते अपिलासाठी मुंबईला जाताना इंग्रजीत व्हावे लागते. या कामात माझ्या हातून गेलेले एक वाक्य मी अजून विसरलेले नाही. बांधावरून झालेल्या भांडणात एका बाईने धाकट्या दिराला म्हटले होते, "थांब, तुला बघतेच." दुसऱ्या दिवशी तो दीर शेतात मेलेला सापडला. हे वाक्य इंग्रजीत कसे लिहायचे, यावर मी संपूर्ण दुपार घालवली. शब्दाला शब्द ठेवला तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि धमकीचा इंग्रजी शब्द घातला तर त्या बाईच्या गळ्यातला फास मीच आवळल्यासारखे होते. शेवटी मूळ शब्द तसेच ठेवून खाली अर्थ दिला, आणि भांडणात हे वाक्य सर्रास वापरले जाते असेही लिहिले.

त्या अपिलाच्या निकालाच्या दिवशी मी मुद्दाम मुंबईला गेले आणि न्यायकक्षात मागच्या बाकावर बसले. त्याआधी, वेळ होता म्हणून, ४६ क्रमांकाच्या न्यायकक्षापाशी जाऊन लोकमान्य टिळकांच्या शब्दांचा फलक वाचला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याचे अनावरण झाले. मी तो पूर्वीही वाचला होता. निकालाची वाट पाहत मात्र प्रथमच वाचत होते, आणि तेव्हापासून २२ जुलै १९०८ ची ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या दिवशी रात्री आठच्या सुमारास न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी ज्यूरीला, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला निवडलेल्या सामान्य नागरिकांना, समारोपाचे निवेदन करून संपवले आणि नऊ माणसे उठून आतल्या खोलीत गेली. ती परत आली तेव्हा सव्वा तास उलटून गेला होता. आरोपी टिळक त्या वेळात तिथेच होते, आणि दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती.

खटला कशाचा होता हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही, तरी थोडक्यात सांगते. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी फेकलेल्या बाँबने दोन युरोपियन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यावर 'केसरी'त जे अग्रलेख आले, त्यांपैकी १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन लेखांवर सरकारने खटला भरला. २४ जूनला टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली. जामीन मिळाला नाही. १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्या बॅरिस्टर दावरांनी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता, तेच आता न्यायासनावर होते, आणि तरुण बॅरिस्टर जिना यांनी केलेला जामिनाचा अर्ज त्यांनी फेटाळला. १३ जुलैला सुनावणी सुरू झाली आणि टिळकांनी आपला बचाव आपणच केला.

मला खटकते आणि सतत खटकत राहते ती गोष्ट ज्यूरीची आहे. सरकारने विशेष ज्यूरी मागितली. विशेष ज्यूरीच्या यादीत युरोपियनांचा भरणा असे, त्यामुळे निवडले जाणारे बहुतेक लोक मराठी न जाणणारे असतील आणि ज्या लेखांवर खटला आहे ते लेख त्यांना वाचताच येणार नाहीत, असा आक्षेप टिळकांच्या वतीने आधीच घेतला गेला होता. तो मानला गेला नाही. नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन पारशी आले. म्हणजे लेख मराठी, लेखक मराठी, ज्यांच्यासाठी लिहिले ते वाचक मराठी, आणि त्या लेखांनी वाचकांच्या मनात सरकारविषयी द्वेष निर्माण होतो की नाही हे ठरवणारे लोक सरकारी भाषांतरावर विसंबलेले. दिवसभर भाषांतर करून पोट भरणाऱ्या माणसाला या गोष्टीचा जितका धसका बसतो, तितका कदाचित वकिलालाही बसणार नाही, कारण भाषांतरात काय काय वाटेत सांडते ते आम्ही रोज पाहतो.

टिळकांना हे पुरते ठाऊक होते. त्यांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी एकेका शब्दावरून घेतली: या मराठी शब्दाला हाच इंग्रजी शब्द का निवडलात, सौम्य शब्द असताना कडक का घेतलात, आणि मराठीत राज्यशास्त्राची परिभाषा अजून घडत असताना लेखकाने जुना शब्द नव्या अर्थाने वापरला असेल तर त्याला कोशातला अर्थ कसा चिकटवता. त्यांचे म्हणणे असे होते की सरकारी भाषांतराने मूळ लेख विकृत झाले आहेत. त्या भाषांतरकाराचा मी पुष्कळदा विचार करते. तो नोकरीतला माणूस होता आणि त्याला अमुक मुदतीत काम पुरे करायचे असणार. 'जुलमी' या शब्दापुढे तोही थांबला असेल. मी त्याच्यावर रागावू शकत नाही. माझा राग आहे तो, त्याच्या भाषांतराच्या भरवशावर एका माणसाला काळ्या पाण्यावर पाठवायला हरकत नाही असे मानणाऱ्या व्यवस्थेवर.

टिळकांच्या घराच्या झडतीत एक कार्डही सापडले होते, ज्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे टिपलेली होती. नव्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यावर लिहायचे म्हणून ती नावे टिपून ठेवली, हा त्यांचा खुलासा. कोणत्याही संपादकाच्या मेजावर अशी चिठोरी पडलेली असतात. पण ज्याला लेख वाचता येत नाहीत, त्याला ते कार्ड मात्र वाचता येते, आणि मला वाटते त्या कार्डाने लेखांपेक्षा जास्त काम केले असावे.

टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले. १५ जुलैच्या दुपारी सुरू झालेले भाषण २२ तारखेला संपले. राजद्रोहाचा कायदा, इंग्लंडमधले वृत्तपत्रस्वातंत्र्याचे खटले, अँग्लो-इंडियन पत्रांनी बाँबनंतर काय काय लिहिले होते आणि त्याला उत्तर म्हणून 'केसरी'ने काय लिहिले, असे सगळे त्यांनी परक्या भाषेत, परक्या लोकांपुढे, न थकता मांडले. ज्यूरीने आपल्यामध्ये आणि सरकारमध्ये उभे राहावे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. इंग्रजी न्यायपद्धतीने ज्यूरीला जे मोठेपण दिले आहे, त्याची आठवण ते त्या नऊ जणांना पुन्हा पुन्हा करून देत होते. त्यांना आशा होती का? मला वाटते होती. अगदीच आशा नसती तर माणूस एकवीस तास शब्दांचे अर्थ सोडवत उभा राहत नाही.

भाषण संपल्यावर सरकारची बाजू मांडणारे ॲडव्होकेट-जनरल ब्रॅन्सन उत्तराला उठले. नेहमीची वेळ झाली की कोर्ट उठेल आणि बाकीचे उद्यावर जाईल असे पुष्कळांना वाटत होते. पण न्यायमूर्तींनी काम त्याच दिवशी पुरे करायचे ठरवले. दिवेलागण झाली. ब्रॅन्सन यांचे भाषण संपले, न्यायमूर्तींचे निवेदन झाले, आणि ते आरोपीला प्रतिकूलच होते. मग ती नऊ माणसे आत गेली.

आत काय झाले ते कोणालाच कळणार नाही. ज्यूरी कारणे देत नसे, हेच तिचे वैशिष्ट्य. इतकेच सांगता येते की एकवीस तासांच्या भाषणाला, दोन लेखांना आणि पुराव्यात दाखल झालेल्या इतर कागदांना मिळून सव्वा तास मिळाला. माझ्या अनुभवाने सांगते, 'हे उपाय टिकाऊ नाहीत' यासारखा अग्रलेख नुसता नीट समजून वाचायला मराठी माणसालाही अर्धा तास लागतो.

बाहेर बसलेल्यांच्या मनात त्या वेळी एक हिशेब नक्की चालू असणार. त्या काळच्या फौजदारी कायद्यानुसार उच्च न्यायालयातल्या नऊ जणांच्या ज्यूरीत किमान सहा जण एका मताचे असले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असले, की त्यावरून निकाल देता येई. १८९७ मध्ये टिळकांविरुद्धचा कौल सहा विरुद्ध तीन असाच होता, म्हणजे दोषी ठरवण्यापुरता नेमका, आणि एक माणूस जरी इकडचा तिकडे झाला असता तरी अठरा महिन्यांची ती सक्तमजुरी त्या दिवशी सुनावता आली नसती. अकरा वर्षांपूर्वी एका माणसाने हुकलेली ती गोष्ट टिळक त्या सव्वा तासात विसरले असतील असे मला वाटत नाही.

नऊ वाजून गेल्यावर ज्यूरी परतली. तिन्ही आरोपांवर दोषी, सात विरुद्ध दोन. सात युरोपियन आणि दोन पारशी ही रचना आणि सात विरुद्ध दोन हा आकडा आपण सगळेच मनात एकमेकांवर ठेवून पाहतो. तसे असेल तर त्या दोन पारशी गृहस्थांना, पारशी न्यायाधीशाचे प्रतिकूल निवेदन नुकतेच ऐकून, सात युरोपियनांच्या सोबत एका खोलीत बसून, आपले मत न सोडण्याला किती बळ लागले असेल. आमच्या शाळेतल्या पुस्तकांत त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती. माझी फार इच्छा आहे की असावी.

शिक्षेपूर्वी काही सांगायचे आहे का असे विचारल्यावर टिळक जे बोलले तेच आता त्या फलकावर आहे. त्यानंतर दावरांनी, असे लेख राजकीय चळवळीचे कायदेशीर साधन आहे असे मानणारी बुद्धी विकृतच म्हटली पाहिजे, अशा अर्थाचे कठोर शब्द सुनावून सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड ठोठावला. बाहेर जमलेल्या गर्दीला चुकवून टिळकांना मागच्या दाराने नेले आणि रातोरात गाडीने अहमदाबादकडे, साबरमतीच्या तुरुंगात रवाना केले. वाट पाहणाऱ्यांना ते दिसलेसुद्धा नाहीत. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला आणि रस्त्यांवर गोळीबारात माणसे मेली. पुढे मंडाले, तिथे लिहिलेले 'गीतारहस्य', आणि १९१४ च्या जूनमधली सुटका. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई त्याआधीच, १९१२ मध्ये, वारल्या होत्या.

याच मुंबईत १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये, नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्याच्या वेळी, लोक असेच कोर्टाबाहेर दाटीवाटीने थांबले होते, आणि तिथल्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे शिक्षा झाली. ज्यूरी आपल्याकडून गेली याची हळहळ करणारे लोक मला भेटतात. सामान्य माणसाच्या हाती न्याय असावा हे त्यांचे म्हणणे मला कळते. पण माझा अनुभव मला वेगळे सांगतो. ज्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते, त्या दिवशी न्यायमूर्तींनी निकाल वाचायला घेतला तेव्हा माझे हात गार पडले होते, कारण मी निवडलेल्या शब्दांवर त्या बाईची जन्मठेप कायम होणार की सुटणार याचा काही भाग अवलंबून होता. निकालपत्रात "तुला बघतेच" या वाक्यावर जवळजवळ पाऊण पान होते. बांधाच्या भांडणात हे शब्द रोज उच्चारले जातात, त्यावरून खुनाचा हेतू काढता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते, आणि इतर पुराव्याचा विचार करून बाई सुटली. ती सुटली नसती तरी, का सुटली नाही हे मला वाचता आले असते, माझा शब्द चुकला का हे तपासता आले असते. टिळकांच्या त्या भाषांतरकाराला, त्या दोन ज्यूरर्सना आणि बाहेर थांबलेल्या लोकांना मिळाला तो फक्त एक आकडा.

निकाल ऐकून परत जाताना मी पुन्हा फलकापाशी थांबले. टिळकांनी ते शब्द इंग्रजीत उच्चारले, कारण समोर इंग्रजीच कळणारे बसले होते, आणि फलकही इंग्रजीतच कोरलेला आहे. त्यांची मराठी रूपे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्येक ठिकाणी थोडी निराळी असतात. सवयीने मी वही काढली आणि माझे भाषांतर करायला घेतले. ज्यूरीने काहीही निर्णय दिला असला तरी मी निर्दोष आहे, असेच मी म्हणतो. माणसांच्या आणि राष्ट्रांच्या भवितव्यावर याहून श्रेष्ठ शक्तींची सत्ता चालते, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा मी सोसल्यानेच, इथपर्यंत पेन्सिल सरळ चालली. पुढे 'कॉज' हा शब्द आला. 'कार्य' लिहिले आणि खोडले, कारण कार्य संपू शकते. 'ध्येय' फार पुस्तकी वाटले. 'बाजू' म्हटले तर ते कोर्टातलेच झाले. शिपाई न्यायकक्षाचे दार लावून घेत होता, आणि मी ती जागा कोरी ठेवून पुढचा शब्द लिहिला.