पहिला विसावा अनगडशहाबाबांच्या दारी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देवळातून निघते खरी, पण त्या रात्री देहू सोडत नाही. मुक्काम गावातच, इनामदार वाड्यात. खरी चाल अष्टमीची. त्या सकाळी मी नवे बूट करकचून बांधले आणि आता थेट आकुर्डी, अशा हिशेबाने दिंडीत शिरले. अंगात घाम यायच्या आतच पुढची पताका थबकली. टाळ थांबले.

"काय झालं?" मी शेजारच्या आजींना विचारलं. बीडकडच्या होत्या, डोक्यावर तुळस, ही बाविसावी वारी.

"अनगडशाबाबा आले, पोरी. इथं आरती हाय."

वारीतली वाटेवरची पहिली अभंग-आरती एका फकिराच्या दर्ग्यापाशी होते, हे मला ऐकून ठाऊक होतं. दरवर्षी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो, खाली ऐक्याबिक्याची ओळ असते. त्यामुळे इथे काहीतरी खास घडेल, निदान कुणी भाषण तरी करेल, असं मला वाटत होतं. तसलं काही नव्हतं. अभंग झाला, आरती झाली. बायांनी दर्ग्याकडे बघून हात जोडले, कुणी पाण्याची बाटली काढली, एकाने माझ्याही कपाळाला बुक्का लावला. काही मिनिटांत टाळ पुन्हा सुरू. पालखीची ही वहिवाट तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये घातली. इतकी वर्षं चालत आलेल्या वाटेवर नवल करत बसायला कुणाला सवड?

नवल मलाच होतं, म्हणून पुढे चालताना आजींना छेडलं. त्यांनी गोष्ट सांगितली ती शेजारघरच्या भांडणासारखी. वाघोलीचे रामेश्वरभट्ट, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे, पुण्यात अनगडशहांच्या जागेतल्या पाण्यात उतरले. फकीर संतापला, शाप दिला, भटजींच्या अंगाची आग आग झाली. काही केल्या शमेना. आळंदीला ज्ञानोबांच्या समाधीपाशी धरणं धरून बसले. तिथे तुकोबांनी अभंग पाठवला, "चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती", आणि दाह निवला. आता आपला शाप उतरवणारा हा कोण वाणी, म्हणून अनगडशहा कटोरा घेऊन देहूत आले. तो कटोरा कितीही घाला, भरत नसे. तुकोबांच्या मुलीने चिमूटभर पीठ टाकलं आणि तो शिगोशीग भरून सांडला.

"मग?"

"मग काय? फकीर हितलाच झाला."

ताहराबादच्या महिपतीबुवांनी अठराव्या शतकात ही कथा ओव्यांत घातली. ती इतिहास म्हणून वाचायची नसते, हे मलाही कळतं. पण तुकोबांच्या गाथेत 'दरवेस', 'मलंग' अशा मथळ्यांची हिंदी पदं आहेत, "अल्ला करे सो होय बाबा" म्हणणारी. दारावर येणाऱ्या फकिरांची बोली कानावर पडल्याशिवाय ती कुठून येणार?

माझं आजोळ श्रीगोंद्याचं, तिथे शेख महंमदबाबा. सतराव्या शतकातले कादरी परंपरेतले सूफी आणि मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे संत. "शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद" ही ओळ आजी जात्यावर म्हणायची. 'ज्ञानाचा एका, नामयाचा तुका, कबीराचा शेखा' यातला शेखा म्हणजे आपल्याच गावचा, याचा तिला कोण अभिमान! हे मी बीडच्या आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "ते आमच्या वाहिऱ्याचे." वाहिरा हे बाबांचं जन्मगाव, बीड जिल्ह्यातलं. त्यावर आमची चांगली अर्धा मैल जुंपली. मिटली नाही.

चिंचोलीच्या पादुकांशी पुन्हा आरती, मग देहूरोडची लष्करी छावणी, निगडी, आणि ऊन डोक्यावर. आकुर्डीच्या विठ्ठल मंदिराजवळ टेकलो तेव्हा बुटांनी दोन्ही टाचांना फोड आणले होते. आजींनी सुईदोरा काढला, फोडातून आरपार ओवला, पाणी निथळू दिलं आणि दोरा तसाच आत ठेवला.

"राहू दे तसाच," म्हणाल्या. "उद्या नाना पेठ, निवडुंग्या विठोबा. आन् ते बूट दे कुणाला तरी."