मार्चअखेरचं भिगवण : परतीच्या तयारीतले पक्षी

होळी झाली की पुण्यातले बरेच पक्षीवेडे भिगवणची वाट सोडतात. राजहंस गेले, ऊन वाढलं, आता पुढच्या डिसेंबरात बघू, असा हिशेब असतो. माझं मत अगदी उलट आहे. उजनीच्या पाण्यावर संख्या बघायची असेल तर जानेवारी उत्तम, पण स्थलांतर घडताना बघायचं असेल तर मार्चचा दुसरा पंधरवडा गाठायलाच हवा. हिवाळाभर मातकट दिसलेले पक्षी या दिवसांत विणीचे रंग चढवतात आणि निघण्याआधी अंगावर चरबी साठवायला दिवसभर चरत राहतात. परवाच्या शनिवारी मी आणि एक मित्र त्यासाठीच गेलो होतो.

पहाटे चारला हडपसर सोडलं. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ करत सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण शंभर किलोमीटर, दोन तास धरून चाला. गळीत हंगाम सरत आला असला तरी उसाच्या ट्रॉल्या अजून रस्त्यावर आहेत आणि मागे दिवा किंवा लाल पट्टी असेलच असं नाही, त्यामुळे अंधारात वेग आवरा. भिगवण ओलांडून थोडं पुढे गेलं की डावीकडे कुंभारगावचा फाटा लागतो. पुणे-सोलापूर लोहमार्गावर भिगवण स्टेशन आहे, पण पहाटे काठावर पोचायचं तर स्वतःची गाडीच बरी.

आता पाण्याबद्दल, कारण इथलं सगळं गणित पाण्यावरच चालतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचा फुगवटा भिगवणच्या बाजूला उथळ आणि पसरट आहे. उन्हाळी आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी कालव्यात सोडलेलं पाणी, सुटली की पातळी वीतभर जरी उतरली तरी काठ कितीतरी मागे सरकतो. शेतकरी मोटारी आणि पाइप पुढे पुढे नेत राहतात, गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायच्या, जमिनी उघड्या पडतात आणि मधल्या ओल्या चिखलात किडे, अळ्या, शिंपले यांचं भांडार खुलं होतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या चिखलपक्ष्यांना हेच हवं असतं. म्हणून निघण्याआधी वर्तमानपत्रात उजनीच्या पाणीसाठ्याचा टक्का बघा. पाणी हळूहळू उतरत असेल तर जा. काठोकाठ असेल तर चिखल मिळणार नाही आणि हे पक्षीही हाती लागणार नाहीत.

आम्ही होडीत बसण्याआधी तासभर काठावरच काढला, आणि दिवसातला सगळ्यात चांगला तास तोच होता. एका मोटारीच्या पाइपाच्या जोडातून पाणी झिरपत होतं. त्या ओलीवर पाचसहा टिलवे चरत होते. छोटा टिलवा हा जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव, चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चिखलात खालीवर. पण मार्चअखेरीस त्याच्याकडे नीट बघा. पाठीवर तांबूस किनारीची पिसं आलेली असतात आणि पोट गोल दिसतं, ती साठवलेली चरबी. हा पक्षी वीण करतो थेट आर्क्टिकच्या टुंड्रात. त्याला इथून उगीच उडवणं म्हणजे त्याच्या शिदोरीतला घास काढून घेणं, हे माझं अगदी ठाम मत आहे. फोटोसाठी चालत पुढे जाऊ नका. एका जागी बसून राहा, चरत चरत तेच जवळ येतात. आमच्यापासून दहाएक पावलांवर आले होते.

त्याच पट्ट्यात पिवळ्या डोक्याचा धोबी होता. हिवाळ्यात फिकट दिसणाऱ्या नराचं डोकं आता लिंबासारखं पिवळंधमक झालं होतं आणि मानेमागे काळी पट्टी उमटली होती. रफ या चिखलपक्ष्याचे थवे थोडे आत होते. नर मादीपेक्षा ठळकपणे मोठा असतो, त्यामुळे नवख्यांना दोन वेगळ्या जाती वाटतात. काही नरांच्या मानेवर गडद पिसांचे ठिगळ दिसायला लागले होते. त्यांची पूर्ण आयाळ फुलते ती उत्तरेकडे, इथे फक्त सुरुवात बघायला मिळते. काळ्या शेपटीच्या मालगुजांच्या माना विटकरी होत होत्या. एकाच थव्यात एक पूर्ण रंगलेला, एक अर्धा, एक अजून राखाडी, असं दृश्य जानेवारीत दिसणारच नाही.

होडीतून कुरव बघितले. तपकिरी डोक्याच्या कुरवाला हिवाळ्यात डोळ्यामागे फक्त एक डाग असतो. आता बहुतेकांनी पूर्ण टोपडं घातलं होतं. मोठ्या कुरवाचं डोकं तर काळंभोर झालं होतं. भुवई बदकं होती, थापट्या बदकं थोडी उरली होती, तलवार बदक एकही दिसलं नाही. चार पट्टकदंब मात्र अजून थांबलेले होते. हेच ते राजहंस, जे हिमालय ओलांडून तिबेट आणि मंगोलियाच्या पठारांवर जातात. उपग्रह-यंत्र लावलेल्या एका पक्ष्याची ७,२९० मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. एखाद्याच्या गळ्यात रंगीत पट्टा दिसला तर त्यावरची अक्षरं वाचता येतील असा फोटो काढून नोंद जरूर कळवा. मंगोलियात लावलेले असे पट्टे महाराष्ट्रात याआधी दिसलेले आहेत.

फ्लेमिंगोंची घाई करू नका. पाणी उथळ असेपर्यंत ते पावसाच्या तोंडापर्यंतही राहतात. इथेच नावाड्याशी आधी बोलून घ्यायला हवं. बरेच पर्यटक ‘दादा, जरा उडवा ना’ असं म्हणतात आणि पोटापाण्याचा प्रश्न असल्याने नावाड्यालाही नाही म्हणणं जड जातं. आम्ही काठावरच सांगितलं की इंजिन लांब बंद करा, बांबूने ढकला, पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबा. आमचे नावाडीदादा खूश झाले. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे हे लोक, पाण्याचा तळ कुठे वर येतो हे त्यांना हातातल्या बांबूवरून कळतं. होडीचे पैसे, वेळ आणि माणसं किती बसणार, हेही बसण्याआधीच ठरवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला.

उघड्या पडलेल्या बेटांवर उतरायचा आग्रह मात्र कुणीही धरू नये. नदी सुरय आणि छोटी आर्ली याच दिवसांत तिथे उघड्या वाळूवर अंडी घालतात. रंग असा की पायाखाली आलेलं कळत नाही. पालकांना उठवलं तर उन्हाने अंडी भाजतात आणि कावळे टपलेलेच असतात.

सकाळी कुंभारगावच्या काठावरून सूर्य समोर येतो, फोटो काळे पडतात. होडीला वळसा घालून पाठीवर ऊन घ्यायला सांगा. दहानंतर पाण्यावर वाफ नाचायला लागते, तेव्हा परत या. जेवायला भिगवणची मासळी आहेच. चिलापीचं कालवण आणि ज्वारीची भाकरी, पण गावातल्या घरी जेवणार असाल तर सकाळीच सांगून ठेवा.

दुपारी कडबनवाडीच्या माळाकडे जाणारेही असतात. तिथे चिंकारा आणि माळावरचे शिकारी पक्षी दिसतात, पण वनविभागाची नोंदणी आधी करून घ्या. आम्ही डिकसळच्या बाजूला सावली धरून बसलो, ते भोरड्यांसाठी, म्हणजे गुलाबी मैनांसाठी. पळस-पांगारा संपत आला की त्या मध्य आशियाकडे निघतात. सहाच्या सुमाराला ज्वारीच्या रानांवरून थवे यायला लागले, हवेत वळसे घेत घेत पाणगवतात उतरले. मधूनच बहिरी ससाणा आला आणि सगळा थवा आवळला गेला. नरांचा गुलाबी रंग दुर्बिणीशिवायही कळत होता. सूर्यास्तानंतर लगेच निघू नका. चिखलपक्षी लांबच्या प्रवासाला बहुधा तिन्हीसांजेलाच उठतात. आम्हालाही मालगुजांचा एक थवा ओरडत उंच चढून उत्तरेकडे जाताना दिसला.

सोबत दुर्बीण, शक्य असेल तर स्पॉटिंग स्कोप, मातकट रंगाचे कपडे, टोपी, चिखलात चालतील असे बूट आणि माणशी तीन लिटर पाणी ठेवा. काठावर दुकान नाही. घरी आल्यावर यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, आणि ‘शेवटचा पट्टकदंब अमुक तारखेला’ अशी नोंदही लिहा, कारण पक्षी आल्याच्या तारखा सगळे लिहितात, गेल्याच्या फार कमी लोक. एप्रिलच्या मध्यापर्यंत टिलवे आणि रफ विरळ होतील, तेव्हा जायचं असेल तर येता शनिवार-रविवार धरा. पुढे मे महिन्यात जाणाऱ्यांना सुरयांची पिल्लं आणि फ्लेमिंगो मिळतील, पण ऊन सोसायची तयारी ठेवून नऊच्या आत काठ सोडा.