व्हिकच्या बाजारात कातालान कपडे

बार्सिलोनातील कपड्यांच्या दुकानांबद्दल माझी एक तक्रार आहे. आपण कातालानमध्ये, म्हणजे बार्सिलोना ज्याची राजधानी आहे त्या स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताच्या भाषेत, बोलायला सुरुवात केली, तरी समोरची व्यक्ती आपला चेहरा पाहून लगेच स्पॅनिश किंवा इंग्रजीवर येते. त्यामागे पाहुण्याची सोय पाहण्याचाच हेतू असतो हे मान्य, पण शिकू पाहणाऱ्याची त्यात फार अडचण होते. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत शाळांमधून आणि सरकारी कचेऱ्यांमधून हद्दपार झालेल्या आणि १९७९ च्या स्वायत्तता कायद्याने पुन्हा राजभाषेचा दर्जा मिळालेल्या भाषेच्या वाट्याला आपल्याच राजधानीत असा संकोच यावा, याचे मला मनापासून वाईट वाटले. वास्तुविशारद गाउदीच्या बार्सिलोनातील इमारती आणि तिथली गर्दी यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

शनिवारी रेल्वेने उत्तरेकडच्या व्हिकला गेलो. दाट धुक्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या कमानींनी वेढलेल्या, वाळूच्या मुख्य चौकात आठवडी बाजार भरतो. तिथे लोकरी कपडे विकणाऱ्या एका वयस्क बाईंनी माझ्याशी अखेरपर्यंत एकही स्पॅनिश शब्द उच्चारला नाही. त्यांनी हातातला मोजा ताणून 'मिजोन्स' म्हटले, मग वर टांगलेल्या लांब, तलम पायमोज्यांकडे बोट करून 'मीजस'. निळा स्वेटर म्हणजे 'जर्सेई ब्लाउ', पण टी-शर्ट निळा असला की 'समरेता ब्लाबा'. निळा सदरा आणि निळी टोपी म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा लिंगभेद मुळीच जड जात नाही. एक जाकीट उचलून मी 'म ल पुक अम्प्रुवा?', म्हणजे घालून पाहू का, असे विचारले, तेव्हा बाईंनी आरसा माझ्याकडे वळवला, खांद्यांची शिवण बोटांनी सारखी केली आणि 'ताल्या', म्हणजे माप, मोठे हवे हे स्वतःच ठरवून दुसरे जाकीट काढले. मागे खोळंबलेले गिऱ्हाईकही त्रासले नाही. उलट एका आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून 'गोर्रा' असे सावकाश, दोनदा सांगितले. इतके अगत्य मला त्या प्रवासात दुसरीकडे कुठेच लाभले नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी मंगळवारी किंवा शनिवारी सकाळीच पोहोचावे, कारण दुपारी बाजार आवरतो. आणि शक्यतो हिवाळ्यातच जावे. उन्हाळ्यात 'ग्वान्स', 'बुफांदा' आणि 'अब्रिक', म्हणजे हातमोजे, मफलर आणि ओव्हरकोट, हाताळत शिकायला मिळणार नाहीत.