शेवटचा अर्धा इंच

आज सकाळी आठला शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये शिरलो तो अंधार पडल्यावरच बाहेर आलो. इथे टेक्सासमध्ये त्यांनी जुन्या डॉज पिकअपला अमेरिकन आर्मीच्या एम३५ए२ ट्रकचा, म्हणजे इथले लोक ज्याला ड्यूस अँड अ हाफ म्हणतात त्या अडीच टनी गाडीचा गिअरबॉक्स बसवायला घेतलाय. स्पायसर ३०५३ए हे त्याचं मॉडेल, पाच गिअर, चौथा डायरेक्ट (मागचा शाफ्ट इंजिनच्याच वेगाने फिरतो) आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह (शाफ्ट इंजिनपेक्षा जलद फिरतो), पिकअपच्या कमिन्स डिझेल इंजिनला हायवेवर निवांत ठेवायला हा पाचवाच हवा. धूड असलं की जॅकला साखळीनं बांधूनच वर घेतलं.

सगळं जमलं आणि इंजिनला जोडताना बॉक्स शेवटचा अर्धा इंच काही केल्या आत जाईना. मी म्हटलं बोल्ट लावून ओढून घेऊया, तर आजोबा एकदम म्हणाले अजिबात नाही, क्लच प्लेटचा हब (मधला खाचांचा भाग) जाईल नाहीतर शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंग. अगदी बरोबर होतं त्यांचं. मग गिअर टाकून ते मागचा शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत राहिले, मी खाली झोपून जॅक केसभर वर केसभर खाली, आणि एका क्षणी खाचा जुळल्या, टक्क आवाज, बॉक्स अलगद जाऊन टेकला. अंगावर काटा आला राव!

याची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, मूळ ट्रकमध्येही वेगळीच असते, त्यामुळे इथेही ती मागे वेगळी टांगून मध्ये छोटा शाफ्ट करून घ्यायचाय. बॉक्सच्या कोपऱ्यात मिलिटरीचा हिरवा रंग अजून आहे, तो मात्र घासायचा नाही असं दोघांचं ठरलंय.